सत्तावीस खांबांचा मांडव

वरठीच्या मैदानात त्या सकाळी मुंगीला शिरायला जागा नव्हती. मांडवाला सत्तावीस खांब होते आणि प्रत्येक खांबावर एका नक्षत्राची पाटी होती, अश्विनीपासून रेवतीपर्यंत. ज्याचं जे नक्षत्र, त्यानं त्या खांबाजवळ बसायचं. ज्याला आपलं नक्षत्र ठाऊक नाही, त्याला दाराशी उभा असलेला शिष्य नावाच्या पहिल्या अक्षरावरून नक्षत्र नेमून देत होता, रेशन दुकानात तांदूळ मापून द्यावा तसं. एकोडीकडून जीपगाड्या भरून माणसं आली होती. कारखान्यातली माणसं पहिली पाळी बुडवून आली होती.

मंचावर नक्षत्रसम्राट त्रिनेत्रनाथ महाराज बसले होते. त्यांची ख्याती अशी की ते डोळे मिटूनच माणसाचा स्वभाव सांगतात.

“उघड्या डोळ्याले कपडे दिसतात, मिटल्या डोळ्याले नक्षत्र दिसते!” महाराज माईकमध्ये गरजले. “बाबा नाव विचारत नाही, गाव विचारत नाही. बाबा सीधा आत्म्यात घुसते!”

“जय हो!” मांडव थरारला.

“कृत्तिकावाल्यांनो! तुमी दुसऱ्यासाठी मरमर करता, पण तुमच्या केल्याचं नाव कोणी घेत नाही. बरोबर का नाही? बाहेरून कडक, आतून लोणी!”

कृत्तिकेच्या खांबाजवळ गुंजनच्या घराशेजारच्या आनंदाबाई पदरानं डोळे पुसायला लागल्या. “बापा बापा! माह्या चुलीपाशी बसून गेल्यावानी सांगून राहिला हा माणूस!”

गुंजन मात्र नवव्या खांबाजवळ, आश्लेषेच्या पाटीखाली, सहा महिन्यांच्या दामिनीला मांडीवर घेऊन बसली होती. तिला भक्तांचे अनुभव ऐकायचे नव्हते. तिला निकाल ऐकायचा होता.

झालं होतं असं. दामिनी आश्लेषेवर जन्मली. आश्लेषेची मुलगी म्हणे सासूला जड. आता दामिनीची सासू अजून वीस-पंचवीस वर्षं लांब, कुठल्या गावी आहे तेही ठाऊक नाही. म्हणून नातेवाइकांनी घरात हजर असलेली सासू निवडली. म्हणजे गुंजनची, सुलोचनाबाई. दिवाळीआधी त्या नळाच्या ओट्यावर शेवाळावरून घसरल्या आणि डावं मनगट मोडलं. शेवाळाला नक्षत्र नसतं. दोष पाळण्यातल्या पोरीवर गेला.

तेव्हापासून सुलोचनाबाई नातीचं तोंड बघत नव्हत्या. पाळण्यावरून जाताना चेहऱ्यावर पदर ओढायच्या. दामिनीला वाटायचं, आजी खेळते आहे. ती खिदळायची. आजी पदराआड रडायची आणि नात पदराबाहेर हसायची, असा सगळा प्रकार.

गुंजन बी.ए. झालेली. पण आईपण आलं की पदवीला थोडी वाळवी लागतेच. दामिनी निजली की ती मोबाइलवर ‘आश्लेषा नक्षत्र स्वभाव’ वाचत बसायची. ‘सर्पासारखी मिठी मारतात.’ दामिनीनं खरंच तिच्या गळ्यातली पोत घट्ट धरली होती. ‘राग मनात ठेवतात.’ दूध द्यायला उशीर झाला की दामिनी खरंच तोंड फिरवायची. बघता बघता गुंजनला आपल्याच लेकराची भीती वाटायला लागली होती, आणि त्या भीतीची लाजही.

आता महाराज सांगतील ते शेवटचं, असं घरात ठरलं होतं. दोष निघाला तर दुसऱ्या दिवशी पहाटे शांती. पोरीला सुपात ठेवायचं, सत्तावीस घागरी गार पाण्यानं न्हाऊ घालायचं, वरून मिरच्यांची धुरी. ऑगस्टमध्ये दामिनीला न्युमोनिया झाला होता. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, गारठा आणि धूर, दोन्हींपासून जपा.

“एकदाचं करून टाकू ना,” नवरा वीरेंद्र म्हणाला होता. “पाच मिनिटांचं काम आहे. आईच्या मनाचं समाधान होते.”

“आणि हिच्या छातीचं?” गुंजननं विचारलं होतं. त्यावर त्यानं गाडी पुसायला घेतली होती.

“कायले एवढी घाबरतं?” मांडवात तिच्या बाजूला सोबतीला बसलेली रुचिता म्हणाली. रुचिता जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. दोघींची बाळंतपणं एकाच दवाखान्यात, एकाच संध्याकाळी, शेजारशेजारच्या खाटांवर झाली होती. रुचिताच्या घरी पत्रिका काढायची पद्धत नाही, त्यामुळे तिचा सुगत नक्षत्रावाचूनच बाळसं धरत होता.

या दोघींच्या मागे डोमाजी बसले होते. ते सकाळी सहज डोकावले, तर शिष्यानं ‘डो’ ऐकून त्यांना आश्लेषेत धाडलं. “बसायलेच तं सांगून राहिले,” म्हणून ते बसले होते.

भजनं, जयजयकार आणि देणगीच्या आवाहनांतून वाट काढत महाराज आठव्या नक्षत्रापर्यंत आले, तोवर दुपार कलली. पश्चिमेच्या बाजूनं ऊन मांडवात शिरलं. अश्विनी, भरणी, कृत्तिका सगळ्या भाजायला लागल्या. बाया पोरं-पिशव्या उचलून सावलीकडे सरकल्या. तिकडची माणसं आणखी आत सरकली. शिष्य जेवायला गेले होते. महाराजांचे डोळे मिटलेले होते. अर्ध्या तासात आभाळातली नक्षत्रं होती तिथंच राहिली आणि खालची सगळी उलटीपालटी झाली.

आनंदाबाई येऊन गुंजनच्या गुडघ्याला गुडघा लावून बसल्या.

“आता आश्लेषा!” महाराजांनी श्वास ओढला. “सर्पाचं नक्षत्र! मनात लय ठेवता. बाहेरून कडक, आतून लोणी! दुसऱ्यासाठी जीव टाकता, पण जस मिळत नाही. आणि झोप? आश्लेषेच्या माणसाले स्वस्थ झोप माहीतच नाही!”

आजूबाजूला सुस्कारे उठले. आनंदाबाई पुन्हा रडायला लागल्या.

गुंजननं त्यांच्याकडे वळून पाहिलं. “काकू, तुमी तं कृत्तिकेच्या ना?”

“हो ना माय. पण तिकडं ऊन आलं.”

“मंग हे कोणाचं सांगून राहिले?”

“माहंच वो! शब्द न् शब्द!”

गुंजनच्या डोक्यात कॉलेजातला मानसशास्त्राचा तास लख्ख उभा राहिला. बाईंनी सगळ्या वर्गाला एकच परिच्छेद वाटला होता, ‘हे फक्त तुझं वर्णन’ असं प्रत्येकीला सांगून. सगळ्या जणी भारावल्या होत्या. तीही.

तेवढ्यात आश्लेषेची दोषवाली लेकरं पुढं आणा, असा पुकारा झाला. वीरेंद्रसोबत पुढे बसलेल्या सुलोचनाबाई उठल्या आणि प्लास्टरचा हात सांभाळत, दामिनीकडे न बघता, गुंजनला घेऊन मंचापाशी गेल्या. महाराजांनी एक डोळा किलकिला केला. प्लास्टर कुठल्याही डोळ्याला दिसण्याजोगं होतं.

“माते, तुह्या हाडावर सर्पाची छाया आहे! पोर आश्लेषेची. उद्या पहाटे सत्तावीस घागरी!”

गर्दी हळहळली. सुलोचनाबाईंनी हात जोडायला पाहिलं, पण एकच जोडला गेला. शिष्यानं माईक गुंजनसमोर धरला. “बोला ताई, अनुभव सांगा.”

दामिनीचा श्वास गुंजनच्या गळ्यापाशी लागत होता, अजून थोडी घरघर असलेला.

“अनुभव सांगतो,” ती म्हणाली. “पण पहिले एक काम करा. महाराजांनी आत्ता आश्लेषेचं जे वर्णन सांगितलं, ते ज्याले ज्याले आपलं वाटलं, त्यानं हात वर करा.”

आश्लेषेच्या खांबाजवळ हातांचं रान उगवलं. महाराज मिटल्या डोळ्यांनी प्रसन्न हसले.

“आता ज्याचं नक्षत्र आश्लेषा नाही, त्यानं हात खाली घ्या.”

एक हात खाली आला. मग दोन. मग वारं लागून धान आडवं पडावं तसे सगळेच. आनंदाबाईंनी आपल्या हाताकडे असं पाहिलं, जणू तो दुसऱ्याच कोणाचा असावा. आश्लेषेच्या खांबाजवळ आश्लेषेचा एकच माणूस उरला होता, डोमाजी. त्यांनी हात वर केलाच नव्हता. ज्यांना स्वस्थ झोप माहीत नाही ते डोमाजी खांबाला टेकून घोरत होते.

कोणीतरी फिसकन हसलं. महाराजांचे दोन्ही डोळे उघडले.

“ऊन आलं म्हणून सगळ्यांनी जागा बदलल्या,” गुंजन म्हणाली. “वर्णन तरी सगळ्यांलेच लागलं. काहून? सांगा ना, आपण लय करतो अन् कोणी नाव घेत नाही, असं न वाटणारं माणूस या जिल्ह्यात आहे का?”

“ग्रहांची छाया मिसळली!” महाराज ओरडले. “शांती नाही केली तं या माउलीचा दुसरा हात बी जाईन!”

सुलोचनाबाईंनी चांगला हात पदराआड ओढून घेतला. गुंजनला कळलं, सगळं इथंच फिरणार. तर्क जिंकला तरी भीती पोरीला उद्या सुपात घालणारच.

रुचिता सुगतला कडेवर घेऊन उठली. “महाराज, हा बी त्याच संध्याकाळचा. पंधरा मिनिटं आधीचा. त्याच दवाखान्यातला. एकच आभाळ होतं दोघांवर.”

महाराज म्हणाले, “मुलाची गोष्ट अलग!”

सुलोचनाबाईंनी मात्र रुचितालाच विचारलं, “तुही सासू कशी आहे वो?”

“धान कापून राहिली, मावशी. घरी आल्यावर मलेच दटावते.”

मांडव हसला. सुलोचनाबाई हसल्या नाहीत. त्यांनी कितीतरी दिवसांनी नातीकडे सरळ पाहिलं. मग महाराजांकडे वळल्या.

“महाराज, पोरीले न्युमोनिया झाला होता. थंड पाण्यानं पुन्हा झाला, तं तुमी याल का दवाखान्यात? रातभर बसाल का?”

“ते नियतीच्या हातात असते, माते.”

“मंग पाणी बी नियतीलेच घालू द्या. नाही तं तुमीच घ्या त्या घागरी अंगावर. ऊन लय झालं आहे.”

अर्धे लोक उठले. अर्धे बसून राहिले, कारण त्यांचं नक्षत्र अजून यायचं होतं. लबाडी एका दुपारात मरत नाही. वीरेंद्रनं मुलीला गुंजनच्या हातून घेतलं आणि स्वतःच्या उपरण्यानं तिच्या डोक्यावर सावली धरली.

त्या संध्याकाळी सुलोचनाबाईंनी नातीला पहिल्यांदा तांदळाची पेज चाटवली. दामिनीनं ती फुर्रकन थेट प्लास्टरवर उडवली.

“गुंजन, हे कोणत्या नक्षत्रात लिवलं आहे वो?”

“कुठंच नाही आई. सहा महिन्याची आहे ती. तिचा स्वभाव अजून व्हायचा आहे.”

तुमच्याही घरी पाळणा हलत असेल, तर कोणी येऊन लेकराचा स्वभाव सांगेल. तेव्हा एवढंच विचारा: हे वाक्य शेजारच्या लेकराला लागणार नाही का? लागत असेल, तर त्या वाक्यात तुमचं लेकरू नाही. लेकराला ताप आला तर दवाखाना गाठा, आणि लेकरू कसं आहे हे जाणून घ्यायचं असेल तर आभाळाकडे बघू नका. त्याच्याकडे बघा.