गुलाबी वायर आणि लग्नाची काडेपेटी

रविवारी चर्च सुटल्यावर कर्मिट ट्रेलर घेऊन येणार होता. कर्मिट म्हणजे आमचा जावई. माणूस चांगला, पण दुसऱ्याच्या शेडमधली अडगळ त्याला बघवत नाही. आमची जुनी पिकअप स्वतःहून शेडबाहेर आली तर राहील, नाही तर भंगारात जायला ट्रेलरवर चढेल, असा शब्द ऑरलिननं त्याला दिला होता. शब्द देऊन बसला आणि तेव्हापासून नवरा माझा धड जेवेना.

गाडी पासष्टची, आमच्या लग्नाच्या आदल्या वर्षीची. मध्ये कधीतरी ऑरलिननं तिला इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलं. आधुनिक व्हायची हौस! तो डबा न सांगता मान टाकायचा, आणि मग आमच्या नेब्रास्कात मैलोन् मैल मक्याशिवाय विचारायला कुणी नाही.

"ठिणगी पाडणारे ते जुने पॉइंट्स परत घालू," तो म्हणाला. "बिघडले तरी रस्त्याकडेला बसून नीट करता येतात."

पण गेल्या थंडीपासून त्याचे हात थरथरतात. स्क्रू धरला की खाली. म्हणून शनिवारी सकाळी हात माझे आणि तोंड त्याचं, अशी वाटणी झाली.

"ती गुलाबी वायर कापू नकोस, आयव्हा!" उपड्या बादलीवर बसून तो ओरडला.

"हातभर जास्त आहे. लोंबतेय नुसती."

"लांबी हेच तिचं काम. बॅटरीचा जोर तिच्यात उतरतो, म्हणून पॉइंट्स जळत नाहीत. चावी फिरवून धरलीस की दुसऱ्या वायरनं करंट येतो, सोडलीस की हिच्यातून."

मी पक्कड खाली ठेवली. पण लोंबतं काही मला खपत नाही. मी तिची छान गुंडाळी केली आणि कडेला बांधून टाकली.

"आता पॉइंट्समधली फट," तो म्हणाला. "काडेपेटीच्या पुठ्ठ्याएवढी."

आमच्याकडे सगळे असंच मोजतात. चपट्या पुठ्ठ्याच्या काडेपेटीचं झाकण दोन पॉइंट्समध्ये सरकवायचं, जरासं अडलं की झालं.

"तीस वर्षं घरात कुणी सिगारेट ओढत नाही. काडेपेटी कुठून आणू?"

"डॅशबोर्डच्या खणात बघ."

खणात नकाशांच्या खाली मेणकागदात गुंडाळलेली ती सापडली. तेलानं काळवंडलेली, पण चंदेरी अक्षरं अजून लागत होती: आयव्हा आणि ऑरलिन, ११ जून १९६६. आईनं दोनशे छापून घेतल्या होत्या, लग्नाच्या जेवणाला प्रत्येक ताटाशेजारी एक. शेवटची कधीच चुलीत गेली असं मी धरून चालले होते.

"माझ्या नावाला तू पन्नास वर्षं ग्रीस पुसतोयस?"

"दुसऱ्या कुठल्या पेटीनं फट बरोबर बसत नाही."

"थापा मार!"

"कुणाला उसनी दिली नाही आजवर," तो बादलीकडे बघत म्हणाला.

मला भरून आलं, खोटं कशाला बोलू? मी इंजिनात डोकं घातलं आणि फट लावली. मग बॅटरी रात्रभर चार्जिंगला लावून आम्ही आत गेलो.

रविवारी कर्मिटचा ट्रेलर अंगणात येऊन उभा राहिला. मी चावी फिरवली. इंजिन गरजलं! चावी सोडली, मेलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच. कर्मिट ट्रेलरची फळी खाली टाकायला लागला. ऑरलिनचा चेहरा मला बघवेना.

एकदम तोच म्हणाला, "धरली की चालते, सोडली की मरते. आयव्हा, गुलाबी वायर कुठे जोडलीस?"

माझी ती सुंदर गुंडाळी मला आठवली. टोक तिच्यातच राहिलं होतं.

"टापटिपीपायी माझी गाडी घालवत होतीस की!" तो ओरडला, पण हसत.

मी गुंडाळी सोडली, टोक कॉइलला जोडलं. चावी फिरवली, सोडली. इंजिन चालूच राहिलं.

"तुमची ती काडेपेटी मला द्या," कर्मिट म्हणाला, "पुढच्या वेळी मी लावतो फट."

"तुझ्या लग्नातली घेऊन ये," ऑरलिन म्हणाला. "सरक गं, आयव्हा."

मी सरकले. त्यानं दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरलं आणि गाडी उन्हात काढली. ती सगळीच्या सगळी अशी थरथरत होती, की त्यात त्याच्या हातांची थरथर कळेना. मी काडेपेटी मेणकागदात गुंडाळून खणात ठेवली आणि कर्मिटला ट्रेलर बाजूला घ्यायला हात केला.