बाबांचा डावा हात

बाबा कौलांच्या कारखान्यात मोजणीदार. ट्रकवर चढणारं प्रत्येक कौल त्यांच्या नजरेखालून जायचं. उजव्या हाताचा अंगठा त्याच हाताच्या चार बोटांच्या पेरांवरून फिरायचा. बारा पेरं, बारा कौलं. बारा झाली की डाव्या हाताचं एक बोट मिटायचं. डावी मूठ भरली की साठ, मग पाटीवर खडूची एक रेघ. तीस वर्षांत एका कौलाचा फरक नाही.

मी शाळेत गणित शिकवते. कुणी दहाने मोजलं, कुणी हातापायांची मिळून वीस बोटं धरली, कुणी साठाचा गठ्ठा केला आणि तोच आपल्या घड्याळात येऊन बसला, हे वर्गात मोठ्या तोऱ्यात सांगते. दोन महिन्यांपूर्वी बाबांची डावी बाजू गेली. पाय सावरला, हात काही सावरला नाही. मग मी त्यांना तोंडाने एक ते शंभर मोजायला बसवलं. वीस-तीसपर्यंत आले की गाडी अडायची आणि मी चिडायचे. दुसरीतल्या पोरांना आठवड्यात जमतं, असंही एकदा बोलून गेले.

आज कारखान्याच्या साहेबांनी परीक्षा घेतली; बाबांना घेऊन मीच गेले होते. परीक्षा म्हणजे काय, नोकरी राहते की जाते तेवढंच. मजुरांनी हातोहात कौलं चढवली. बाबांचा अंगठा झरझर फिरत होता, डावा हात नुसता लोंबत होता.

"पस्तीस," बाबा म्हणाले.

"सत्तेचाळीस आहेत, काका." साहेब वाईट माणूस नव्हता. सांगताना त्याचाच आवाज पडला.

एक डझन कुठे सांडलं ते मला लख्ख दिसलं. "एकदा परत घ्या ना," मी म्हटलं आणि माझा डावा हात बाबांपुढे धरला. साहेबांनी मजुरांच्या कानात नवा आकडा सांगितला. बारा झाली की बाबा माझं एक बोट मिटवायचे आणि पुन्हा पेरांवर यायचे. शेवटी माझी चार बोटं मिटली आणि वर त्यांची पाच पेरं.

"त्रेपन्न."

"बरोबर." साहेबांनी मान हलवली आणि माझ्याकडे पाहिलं. "पण मॅडम, तुम्ही रोज येणार का?"

माझ्या डोळ्यांपुढे आधी शाळेचं वेळापत्रक आलं. मला माझीच लाज वाटली.

"तिची शाळा असते," बाबाच म्हणाले, आणि मिटलेली बोटं एकेक करून उघडून त्यांनी माझा हात मला परत दिला.