मारुतीची रडायची वेळ

चोपड्याच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याच्या त्या गावात मे महिन्यातल्या दुपारी कुत्रंही सावली सोडत नाही. पण त्या दिवशी मारुतीच्या पत्र्याखाली दीडशे माणसं घाम पुसत उभी होती, कारण मारुती रडत होता. चांदीच्या डोळ्यांखालून केशरी थेंब सावकाश गालावर उतरत होते आणि रुपचंद महाराज ते वाटीत झेलत होते. गेल्या उन्हाळ्यापर्यंत महाराज कूलर विकायचे. यंदा अश्रू वाटत होते.

कुणीतरी विचारलं, अश्रू तेलकट कसे?

"दर शनिवारी तेल पिणाऱ्या देवाच्या डोळ्यातून काय मिनरल वॉटर येईल?" महाराज म्हणाले. लोकांना पटलं.

रडायची वेळही ठरलेली होती, बारा ते चार. देव म्हटला म्हणजे शिस्त आलीच.

गर्दीच्या मागे जीवराम उभा होता. चाळीस वर्षं गावोगावच्या देवांना शेंदूर लावणारा, निखळलेले डोळे बसवणारा माणूस. त्याला भाचीने, दिपमालाने, फोन करून बोलावलं होतं. त्याच्या बहिणीचं, शेवंताबाईचं, मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन दहा दिवस झाले होते. डॉक्टरांचे थेंब बंद करून ती देवाचे अश्रू डोळ्यात घालत होती. डोळा टमाट्यासारखा लाल झाला होता.

मारुतीकडे पाहताच जीवरामने ओळखलं. हे त्याचंच काम होतं. देवाचे डोळे राळ कढवून बसवायचे, मग आठवडाभर हात लावायचा नाही, हा त्याच्या बापाचा शिरस्ता. पण तेव्हा हनुमान जयंती तीन दिवसांवर होती, पंच मागे लागले होते, आणि त्याने डोळ्यांमागची पोकळी मेण, तेल आणि शेंदराने भरून टाकली होती. एप्रिलात चाललं. मेमध्ये पत्रा तापला.

"अक्का, डोयामां नको घालू ते," तो बहिणीजवळ जाऊन म्हणाला. "शेंदूर शे त्यामां. ईख शे, जहर शे."

"देव रडी राहिना, आन तू शेंदूर सांगस माले?" अक्काने छोटी बाटली पदराखाली लपवली.

मग जीवराम पुढे गेला आणि त्याने अख्ख्या गावासमोर सांगितलं, की काम मी घाईत केलं, चुकीचं केलं, मेण वितळतंय. त्याला वाटलं होतं लोक शिव्या देतील. शिव्या परवडल्या असत्या. पंचांपैकी प्रेमराजभाऊंनी त्याच्या पाया पडून म्हटलं, चूक तुम्ही केली नाही, देवाने तुमच्याकडून करवून घेतली.

मग जीवरामने प्रेमराजभाऊंचा कूलर आणवला आणि मूर्तीसमोर लावला. तासाभरात देव रडायचा थांबला. महाराजांनी लगेच जाहीर केलं, कूलरची सेवा देवाला पोचली. वर जातिवंत विक्रेत्यासारखं विचारलं, "किती लिटरचा आहे?"

शेवटी जीवरामने एक नारळ घेतला. पिशवीतल्या डब्यातलं तेच मेण त्यावर थापलं, दोन डोळे बसवले आणि नारळ उन्हात पत्र्याच्या काठावर, सगळ्यांना दिसेल असा ठेवला. दहा मिनिटांत नारळ रडू लागला. केशरी, तेलकट, अगदी देवासारखा.

दिपमाला म्हणाली, "मामा, याला कसलं दुःख?"

मागून एक जण फिसकन हसला, मग दुसरा. महाराज नारळाला कुठला अवतार द्यावा या विचारात असतानाच वीज गेली, कूलर थांबला, आणि थोड्या वेळाने मारुतीचा डावा डोळा घसरत गालावरून खाली आला आणि टण्णकन महाराजांच्या वाटीत पडला.

"देवाने नेत्रदान केलं," महाराज म्हणाले. पण आवाजात जोर नव्हता.

अक्काने नारळाकडे पाहिलं, वाटीकडे पाहिलं आणि पदराखालची बाटली भावाच्या हातात दिली.

चोपड्याच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, आणखी चार दिवसांनी आणलं असतं तर डोळा गेला असता. जीवराम बाहेर बाकावर अक्काजवळ बसला तोच फोन वाजला. शेजारच्या गावचे पंच. तेच मेण आमच्या मारुतीला लावता का?

जीवरामने डोळे मिटले.

"भाऊ, देवाचा डोळा निखळला तर मी दुसरा बसवतो. माणसाचा मला बसवता येत नाही. देव रडला तर आधी वर पत्रा किती तापलाय ते बघा. मग खुशाल हात जोडा."

फोन ठेवून त्याने घड्याळ पाहिलं. औषधाची वेळ झाली होती.

"अक्का, वर देख," तो म्हणाला आणि डॉक्टरांच्या बाटलीतला एक थेंब, बिनरंगाचा, तिच्या डोळ्यात सोडला.