नवीन कामगार

"सही कुठं करायची तेवढं दाखवा, तिकडं खळ वाळतेय," फडक्याला हात पुसत खोकीवाल्याची बायको म्हणाली.

करसल्लागारानं कागदावर बोट ठेवलं. खोकीवाला खुशीत होता. छोट्या कारखान्यांना सरकारनं यंदा सवलत दिली होती: नवीन माणूस कामावर घेतला की करात सूट. त्याचा पुठ्ठ्याच्या खोक्यांचा धंदा कसाबसा तग धरून होता. बाहेरचा माणूस परवडणारा नव्हता. मग सल्लागारानंच सुचवलं, वहिनींनाच नवीन कामगार दाखवा की!

बायकोनं कागद वाचला. मग पुन्हा वाचला.

"कामाला लागल्याची तारीख आजची?"

"सवलत नव्या माणसालाच आहे, वहिनी."

"आणि हे? 'यापूर्वी येथे काम केलेले नाही'?"

"अगं, कागदापुरतं," खोकीवाला हसला. "आपल्यात कसलं आलंय नवं-जुनं!"

तिनं सही केली. कामाच्या टेबलाशी जाऊन बसली आणि हात मांडीवर ठेवले. दोन्ही कामगार तिच्याकडं बघत राहिले.

"अगं, संध्याकाळी माल द्यायचाय!"

"मी आजच लागलेय. शिकवा मला."

थट्टा समजून तो पुन्हा हसला. पण तिचा चेहरा पाहिला आणि त्याचं हसू तिथंच विरलं. लग्न होऊन आली त्याच आठवड्यात ती या टेबलाशी बसली होती. पोटुशी असताना बसली, त्याचे वडील गेले त्याच्या दुसऱ्या दिवशीही बसली. तरी कारखान्यात माणसं किती, असं कुणी विचारलं की तो बेधडक सांगायचा, "आम्ही तिघं, मी आणि हे दोन कामगार."

तिच्या शेजारी बसून त्यानं ब्रश उचलला, खळ लावली, पुठ्ठा दुमडला. कोपरा उघडला. पुन्हा दाबला, पुन्हा उघडला. उभा जन्म खोकी विकण्यात गेला होता. हा कोपरा कसा बसतो, हे त्याला ठाऊकच नव्हतं.

"दोन्ही अंगठ्यांनी धरायचं. घाई करायची नाही," ती हळूच म्हणाली. "तुमच्या आईनं शिकवलंय मला."

तिचे हात मात्र मांडीवरून हलले नाहीत.

"मग, शेठ, कागद पुढं पाठवू ना?" सल्लागारानं दारातून विचारलं.

खोकीवाल्यानं मान हलवली. नाही.

सल्लागार निघून गेला तरी तो तसाच बसून होता, ओला कोपरा दोन्ही अंगठ्यांनी दाबून धरून.