लियाओ गुरूची सुई

तैवान बेटावरच्या काओशुंग शहरात एका मोठ्या रुग्णालयाच्या मागच्या भिंतीला खेटून उभारलेल्या पत्र्याच्या देवळात सकाळीच मुंगी शिरायला जागा उरली नव्हती. सगळ्यांचे डोळे एका काचेच्या बरणीवर खिळले होते. बरणीत तांबड्या रेशमी धाग्याला तलवारीच्या आकाराची पोलादी सुई टांगलेली आणि समोर, त्याच भिंतीला पाठ टेकून, बांबूच्या खुर्चीत एक म्हातारी.

लियाओ गुरू निवांत सुपारी चघळत बसले होते. भिंतीपलीकडे काहीतरी घुमू लागलं. एकाएकी त्यांनी सुपारी थुंकली, मान गरागरा फिरवली आणि ओरडले, "ये वैद्यदेवा, ये! तुझ्या तलवारीनं रोग दाखव!"

उत्तरेकडे पाहणारी सुई थरथरली, हळूहळू वळली आणि म्हातारीच्या छातीवर रोखून थांबली.

"लागला देवाचा नेम! आता रोगाची काय बिशाद!" गर्दी गुडघ्यांवर आली.

मागे युन-चिन मात्र उभीच होती. गुडघे टेकणाऱ्यांत तिचे वडीलही होते. ती भिंतीपलीकडेच कामाला होती, सायक्लोट्रॉन चालवायची. त्या यंत्रातला प्रोटॉनचा झोत वडिलांच्या डोळ्यामागची गाठ जाळणार होता. पण आबांनी गेला आठवडाभर उपचाराला दांडी मारली होती.

"आबा, चला ना. आणखी खाडे झाले तर डोळा जाईल, मग जीव जाईल, असं डॉक्टर म्हणाल्या."

"उद्या खुर्चीत माझी पाळी आहे, आ-चिन. सुई माझ्याकडे वळली की तुमच्या यंत्राला कायमचा नमस्कार." ट्रक चालवून राठ झालेले त्यांचे हात जोडलेलेच राहिले.

गुरूंनी ते ऐकलं. "पोरी, आम्हाला शास्त्र शिकवू नकोस. तुमच्या त्या यंत्रापुढे काय ठेवता ते सांगू का सगळ्यांना? हिरवं खाऊचं पाकीट! यंत्र रुसू नये म्हणून!"

हशा पिकला. युन-चिनचे कान तापले, कारण ते खरंच होतं. यंत्रापुढे मक्याच्या कुरकुऱ्यांचं हिरवं पाकीट ठेवलं की यंत्राचा दिवा हिरवाच राहतो, असं बेटावरचे झाडून सगळे इंजिनियर मानत. पाकीट फोडलं की यंत्र बंद पडतं, हेही मानत. सायक्लोट्रॉनपुढचं पाकीट तिनं स्वतःच्या हातानं ठेवलं होतं.

खाली मान घालून ती निघाली आणि भिंतीपाशी थबकली. भिंतीतून बारीक घूंऽऽ असा आवाज येत होता. सायक्लोट्रॉन गार ठेवणाऱ्या पाण्याचे पंप! गुरूंनी सुपारी थुंकली ती हे पंप सुरू झाल्यावरच की!

दुसऱ्या दिवशी आबा खुर्चीत बसले. भिंतीपलीकडे तिचा सहकारी वेई-हान तयार होता. तिच्या बेताला विभागप्रमुखांची परवानगी होती आणि रुग्णांना खोळंबा नको म्हणून काम लवकर सुरू केलं होतं.

पंप घुमू लागले. गुरूंनी सुपारी थुंकली. "ये वैद्यदेवा, ये!"

सुई ढिम्म. गुरूंनी घसा फोडून पुन्हा हाक मारली. सुई उत्तरेकडेच पाहत राहिली. त्यांच्या कपाळावर घाम डवरला, आणि मग त्यांनी युन-चिनकडे बोट केलं.

"हिच्यामुळे देव रुसला! बाहेर काढा हिला!"

गर्दी उसळली. कुणीतरी तिचा दंड पकडला, कुणी ढकललं. "आ-चिन, जा गं बाहेर!" आबा काकुळतीला आले. "मला जगायचंय!"

ते शब्द तिला धक्क्यांपेक्षा जास्त लागले. तिनं दंड सोडवून घेतला आणि फोन कानाला लावला. "थांबा, आबा. मी बोलावते देवाला. वेई-हान, दे वीज."

सुई थरथरली, वळली, आबांवर रोखून थांबली. त्यांचे डोळे भरून आले.

"आता खुर्चीवरून उठा, आबा."

आबा उठले, बाजूला झाले. सुई रिकाम्या खुर्चीकडेच रोखलेली.

"आता खुर्चीला कुठला रोग झाला, लियाओ गुरू?" युन-चिननं विचारलं. "या भिंतीमागे अवाढव्य विद्युतचुंबक आहे. प्रोटॉन सरळ पळाले तर हाती लागायचे नाहीत, म्हणून चुंबक त्यांना गोल गोल फिरवतो आणि दर फेरीला विजेचा धक्का त्यांचा वेग वाढवतो. चुंबकाची तांब्याची वेटोळी तापतात, म्हणून रोज सकाळी आधी पाणी सोडतो आणि मग वीज. ही जाड भिंत किरण अडवते, चुंबकत्व नाही. यांची सुई चुंबकाची आहे. पंप वाजले की यांच्या अंगात येतं. आज पंप लावले आणि वीज रोखली, तर देव आलाच नाही! वेई-हान, वीज काढ."

सुई मुकाट्यानं उत्तरेकडे परतली. गुरू मागच्या दारानं सटकले, बरणी घ्यायलाही थांबले नाहीत.

"मग माझ्या छातीत काय आहे गं?" कालच्या म्हातारीनं विचारलं.

"ते तपासल्यावरच कळेल, आजी. सुईला काय ठाऊक? चला, मीच नेते तुम्हाला."

उपचारांआधी झोताची रोजची चाचणी होती. नियंत्रण कक्षाच्या दारात आबा थांबले. त्यांची नजर हिरव्या पाकिटावर गेली.

"आणि हे गं?"

आबांनी सरळ पाकीट उचललं आणि टर्रकन फाडलं.

"काका, ते फोडायचं नसतं!" वेई-हान किंचाळला.

युन-चिनच्या मनात आलं, आजच यंत्र अडलं तर? आबा पुन्हा कुठल्या तरी बरणीपुढे जाऊन बसतील. तिची तिलाच लाज वाटली, पण भीती जाईना. तरी तिनं कळ दाबली.

झोत आला. दिवा हिरवा झाला.

"चव बरी आहे," आबा कुरकुरे चावत म्हणाले आणि पाकीट तिच्यापुढे धरलं. "घे. आणि मला उपचारासाठी कुठं झोपायचंय ते दाखव."

तिनं मूठभर घेतले.

मंडळी, देवळातली बरणी असो की यंत्रापुढचं पाकीट, ज्या खुणेवर जीव टांगायचा ती आधी तपासून घ्या. त्याला फार शिक्षण लागत नाही. खुर्चीवरून उठा आणि बघा, सुई तुमच्याबरोबर वळते का.