पलंगाएवढी जागा

नाच शिकवणाऱ्या बाईंचा वर्ग बंद पडला आणि एका संस्थेनं त्यांना ऑनलाइन धडे तयार करायला सांगितलं, तेव्हा घरातली मागची खोली रिकामी करून दिली ती त्यांच्या दिरानं. लग्नांचं शूटिंग करून करून त्याचा हात चांगला बसलेला होता.

पहिल्या दिवशी चित्रात बाई गुडघ्यापर्यंतच आल्या. पायच दिसत नसतील तर नाच काय कपाळ शिकवणार! कॅमेरा मागे नेत नेत भिंतीला टेकला, तेव्हा कुठे पावलं दिसली. पण पलंगाएवढ्या जागेबाहेर जायची सोय उरली नाही. आवाज घुमू नये म्हणून खिडकीला गाद्या लावल्या. पंखा बंद. दिव्यांच्या धगीत बाईंचा जीव नुसता घुसमटायचा.

‘‘वहिनी, हात बाहेर गेला,’’ दीर म्हणायचा, की बाई पुन्हा पहिल्यापासून. काही महिन्यांनी त्याला सांगावंही लागेना. पाऊल आपसूकच आखूड पडायला लागलं.

धडे मात्र देखणे झाले. पायांचा ठोका स्वच्छ ऐकू यायचा, बोटं जवळून दिसायची, अवघड जागा सावकाश उलगडायच्या. विद्यार्थिनी वाढत गेल्या.

मग संस्थेनं एक मोठं सभागृह घेऊन त्यातल्या चाळीसेक जणींना बोलावलं. बाई हरखून गेल्या होत्या. संगीत सुरू झालं आणि मुली नाचू लागल्या. एकही चूक नव्हती. पण एवढं ऐसपैस सभागृह असून प्रत्येक मुलगी आपापल्या जागी खिळल्यासारखी, नजर समोरच्या एकाच ठिकाणी लावून नाचत होती.

‘‘थांबा, मी दाखवते,’’ म्हणून बाई पुढे झाल्या. तरुणपणी पुढे पुढे जायची हीच चाल त्या रंगमंचाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नेत असत. दोन पावलं टाकली आणि त्यांचा पाय आपसूकच मागे वळला. पुन्हा टाकली, पुन्हा वळला. मुलींना वाटलं, असंच असतं. त्यांनीही तसंच केलं.

घरी परतल्यावर बाईंनी दिराला सगळे धडे सभागृहासारख्या मोकळ्या जागेत नव्यानं करायला सांगितलं. त्यानं कॅमेरा खांद्यावर घेऊन, त्यांच्यामागे धावत एक धडा केलाही. संस्थेच्या व्यवस्थापकानं तो पाहून नाक मुरडलं. चित्र हलतं, आवाज घुमतो, पहिले धडेच उत्तम आहेत, असं त्याचं म्हणणं. बाई म्हणाल्या, मग मला पुढचे जमायचे नाहीत. तो शांतपणे म्हणाला, ‘‘हरकत नाही. तुमचे आहेत तेवढे आम्हाला पुरतील.’’

बाईंनी काम सोडलं. गाद्या काढल्या, खिडकी उघडली. धडे चालूच राहिले.

एकदा भाजी घेताना एका अनोळखी मुलीनं त्यांना ओळखलं. आईच्या हातात पिशवी देऊन तिनं तिथेच धड्यातली ती चाल करून दाखवली, नेटकी, नेमकी.

‘‘छान. आता आणखी पुढे ये,’’ बाई म्हणाल्या.

मुलगी जरा घुटमळली. मग अदबीनं म्हणाली, ‘‘बाई, तुम्ही तर इथूनच वळता.’’