मिस्त्री फळी ठोकून बघतो

मिस्त्रीला ऐकू येत नाही, हे सगळ्या धक्क्यावर फक्त त्याच्या बायकोला ठाऊक होतं. निदान तिची तशी समजूत होती. गिऱ्हाईक आलं की ती काहीतरी निमित्त काढून मध्ये यायची आणि नवऱ्याकडे तोंड करून म्हणायची, "काय म्हणता, बोटीच्या तळाला चीर गेलीय?" लोकांना वाटायचं, बाईला प्रत्येक गोष्ट दोनदा बोलायची खोड आहे. बडबडी म्हणायचे तिला. म्हणेनात का! नवऱ्याचं काम चालतंय ना, मग झालं.

पण त्या सकाळी तिचं डोकं फिरलं. कारण तसं जुनंच. चहाचा कप पुढे करता करता ती एवढंच म्हणाली, "अहो, एकदा कान तपासून या. यंत्र मिळतं हल्ली, केसांत दिसतसुद्धा नाही." तिला हे तीनदा ओरडून सांगावं लागलं, आणि मिस्त्री उसळला.

"माझे कान शाबूत आहेत! मला बहिरा ठरवायला निघालीस?"

"बरं तर. आजपासून मी मध्ये पडणार नाही. तुमचं तुम्ही ऐका."

आणि तोंडाला कुलूप घालून ती शेडमध्ये येऊन बसली. आता बहिऱ्या नवऱ्याशी अबोला धरून उपयोग काय, असं कुणीही विचारेल. उपयोग होता. मिस्त्री सकाळपासून कावराबावरा झाला होता.

नेमकी त्याच दिवशी कप्तानीण यायची होती. ही बाई पलीकडच्या काठावरच्या पोरांना रोज बोटीतून शाळेत न्यायची. कप्तानीण हे नावही पोरांनीच ठेवलेलं. जुनं इंजिन मेलं म्हणून तिनं नवं घेतलं होतं, चांगलं दणकट, आणि बोट आधीच शेडच्या तोंडाशी आणून ठेवली होती. ते बोटीच्या मागच्या फळीवर चार बोल्टनी टांगायचं. ही फळी बाहेरून दिसते फायबरची, पण आत असतं लाकूड, आणि इंजिनाचं वजन नि रेटा सगळा त्या लाकडावर. जुन्या इंजिनाचे बोल्ट कुणा महाभागानं तसेच, थेट लाकडातून घातले होते. पाण्याला आत शिरायला आणखी काय हवं?

मिस्त्रीची पद्धत पक्की होती. भोक आधी मोठं करायचं, त्यात रेझिन भरायचं, आणि ते दगडासारखं झालं की मधोमध बोल्टापुरतं नवं भोक पाडायचं. म्हणजे बोल्ट रेझिनमधून जातो, लाकडाला शिवतही नाही. पण हे सगळं लाकूड कोरडं असेल तर. ओल्या लाकडाची भोकं बुजवली तर पाणी आत कोंडतं, लाकूड आतल्या आत कुजतं, आणि भर पाण्यात कधीतरी इंजिन फळीसकट सुटून येतं. म्हणून मिस्त्री आधी हातोडीच्या दांड्यानं फळी ठोकून बघायचा. चांगलं लाकूड खणखणीत वाजतं, सडलेलं बद्द. मिस्त्रीनं ठोकून हो म्हटलं की धक्क्यावर कुणी दुसरा प्रश्न विचारत नसे.

कप्तानीण आली ती घाईतच. "मिस्त्रीकाका, उद्या सकाळी पोरं काठावर उभी राहणार हं! शाळा बुडतेय त्यांची. आईबाप माझा जीव खातायत."

मिस्त्रीनं बायकोकडे बघितलं. ती खिडकीकडे तोंड करून पॉलिश पेपरचे तुकडे करत होती. "होय होय," तो अंदाजानं म्हणाला आणि दांडा घेऊन फळीपाशी बसला.

टण. टण. टण. उजवी बाजू ठीक होती. मग डावी. वरच्या भोकापाशी टण. खालच्या भोकाच्या खाली बद्द.

तिच्या हातातली कात्री थांबली. लाकूड सडलं होतं. पुन्हा बद्द. ऐका म्हणावं आता, तिच्या मनात आलं. कान शाबूत आहेत ना? तिनं मान वळवली नाही. मागे ठोकणं थांबलं. मग मिस्त्री घसा खाकरून म्हणाला, "ठीक आहे फळी."

भोकं मोठी करताना तरी कळेल, अशी तिला आशा होती. ड्रिल फिरलं, भुसा पडला, तो नेमका कोरडा! बोल्ट काढून ठेवल्यापासून भोकांच्या कडा उन्हात वाळल्या होत्या. पाणी खाली उतरून मुरलं होतं. आता बोलायचं तर कप्तानिणीच्या देखत बोलावं लागणार. हळू सांगून ह्यांना कळणार नाही, आणि ओरडावं तर नवऱ्याची अब्रू चव्हाट्यावर. बहिऱ्या मिस्त्रीकडे बोट देणार कोण?

"रेझिन कालव," मिस्त्री म्हणाला.

तिनं डबा घेतला, हार्डनर घातला, ढवळू लागली. कालवलेलं रेझिन कुणासाठी थांबत नाही, तापत तापत घट्ट होत जातं. डबा तिच्या तळव्यात कोमट झाला, मग चांगलाच गरम. मिस्त्रीनं हात पुढे केला. कप्तानीण फोनवर कुणाला तरी सांगत होती, "हो, हो, उद्यापासून. पाठवा दोघांनाही."

"थांबा," मिस्त्रीची बायको म्हणाली.

"आं?"

"लाकूड ओलं आहे."

"काय म्हणतेस?"

मग तिनं गळा फाडून सांगितलं. "डावीकडे खाली लाकूड सडलंय! बद्द वाजलं! तुम्हाला ऐकूच आलं नाही!"

शेजारच्या शेडमधलं घासकाम थांबलं. कप्तानिणीनं फोन खाली घेतला. मिस्त्रीचा चेहरा आधी लाल झाला, मग पार उतरला.

"मग मघाशी पाठ का फिरवलीस?" तो म्हणाला. "मी ठोकत होतो तेव्हा?"

"माझ्या पाठीचा काय संबंध?"

"तुझ्या तोंडाकडे बघूनच सांगतो मी. कधीपासूनच. बद्द वाजलं की तुझ्या कपाळाला आठी पडते."

ती बघतच राहिली. म्हणजे इतके दिवस धक्क्यावरून ज्या बोटी गेल्या, त्या तिच्या कपाळावर विसंबून गेल्या होत्या. आणि आज रुसव्यापायी तिनं तेच खिडकीकडे केलं होतं. तिला रडू फुटलं, आणि रागही आला.

"अहो, मग सांगायचं नाही का मला?"

"लाज वाटायची," मिस्त्री म्हणाला. डब्यातलं रेझिन एव्हाना घट्ट होऊन गेलं होतं. तो उठला आणि कप्तानिणीपुढे जाऊन उभा राहिला. "बाई, मला ऐकू येत नाही. मी नुसता ठोकतो. ऐकते ती ही."

"आणि हे मला आज कळतंय? पोरं असतात हो बोटीत! तुमच्या एका शब्दावर नेते मी त्यांना!" कप्तानीण भडकली. मिस्त्रीला शब्द कळले नसतील, पण त्यानं मान खाली घातली. ती बोट घेऊन दुसरीकडे जाणार, हे उघड होतं. जायलाही निघाली. दारापर्यंत गेली, बोटीकडे बघितलं, आणि परत फिरली. या वेळी मिस्त्रीला वळसा घालून ती थेट त्याच्या बायकोसमोर आली.

"काकू, तुम्ही सांगा. बोट कधी मिळेल?"

बायकोनं डोळे पुसले. नवरा तिच्याकडेच बघत होता. ती थोडी वळली, दोघांनाही आपलं तोंड दिसेल अशी, आणि सावकाश म्हणाली, "सडलेलं काढू. बाकीचं सुकू दे. मी ठोकून बघेन, आणि मग सांगेन."